यजमानांची संमती

मुलगी शांतिसेनेत जाणार हे कळल्यावर मी बँकेतल्या माणसाला शोभेल असंच काम केलं. त्या संघटनेचे नियम वाचायला बसलो. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मिळून चालवलेली ती संघटना. शाळेत आपण सगळेच तिच्यावर टीपा लिहून आलेले असतो, आणि पुढं आयुष्यात तिची आठवण काढायची वेळ कुणावर येत नाही. माझ्यावर आली. बायको म्हणाली, "दुसऱ्यांचे बाप अशा वेळी देवळात जातात." मी म्हटलं, "देवळात नियम लिहून ठेवलेले नसतात." एरवी ती हसली असती. त्या दिवशी ती मुलीच्या बॅगेत मेतकुटाची बरणी कुठं बसते ते बघत राहिली.

आम्ही मूळचे सांगलीचे. बँकेनं मला लखनौला पाठवलं तेव्हा तीन वर्षांत परत जायचं असं आमचं पक्कं होतं. मग मुलीची शाळा, मग बायकोच्या शिकवण्या, मग इंदिरा नगरातलं हे घर, असं करत करत मी इथूनच निवृत्त झालो. मुलगी इथंच वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण घाई असली, राग आला किंवा माया दाटून आली की ती हिंदीवर जाते. म्हणजे जवळजवळ दिवसभर. पुण्याला राहून डॉक्टर झाली, सैन्यात गेली, आणि एके दिवशी फोनवर सहज सांगावं तसं तिनं सांगितलं की आफ्रिकेतल्या एका देशात आपल्या सैन्याचं इस्पितळ आहे, शांतिसेनेच्या छत्राखाली, आणि तिथं तिला वर्षभर जायचंय. त्या देशाचं नाव मी इथं लिहिणार नाही. कारण पुढं कळेल.

तर मी सनद वाचली. आधी इंग्रजीतून, मग हिंदीतून, कारण इंग्रजीतून वाचताना सगळं फारच भारदस्त वाटत होतं आणि मला भारदस्तपणाचा संशय येतो. कर्जाच्या करारातही पहिलं पान असंच असतं. पण एक गोष्ट आवडली. तिची सुरुवात सरकारांच्या नावानं नाही, लोकांच्या नावानं आहे. जगातल्या लोकांनी ठरवलं की आता युद्ध पुरे, असा तिचा सूर. मी बायकोला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्याला कधी विचारलं?" मी म्हटलं, आपल्या वतीनं विचारलं असेल. ती म्हणाली, "ते नेहमीच असतं."

पुढं मात्र लोक कुठं दिसेनात. देश दिसले. एक मोठी सभा, तिथं प्रत्येक देशाला एक मत, लहान असो वा मोठा. तिथं बोलायचं भरपूर, पण ते ऐकण्याची सक्ती फारशी कुणावर नाही. आणि दुसरी एक छोटी परिषद, पंधरा देशांची. खरी सत्ता तिच्याकडे. त्यातले दहा देश येऊन जाऊन, पाच कायमचे. त्या पाचांपैकी एकानं जरी नाही म्हटलं तरी सगळं जागच्या जागी थांबतं. हे वाचताना मला आमच्या शाखेतली तिजोरी आठवली. तिला दोन चाव्या, एक माझ्याकडे, एक रोखपालाकडे, आणि दोघं समोर असल्याशिवाय ती उघडत नसे. उगीच कुणाच्या मनात पाप येऊ नये म्हणून. मी त्या पद्धतीचा मोठा भक्त. पण ही तिजोरी पाच चाव्यांची होती, आणि चावी ज्यानं त्यानं खिशात घालून घरी न्यायची. पाप मनात आलं तरी विचारणार कोण?

सगळ्यांत चकित झालो ते वेगळ्याच गोष्टीनं. शांतिसेना हा शब्दच त्या सनदेत नाही. मी दोनदा शोधला. माझ्या मुलीला जिच्यात पाठवत होते त्या गोष्टीचा मूळ कागदात उल्लेखच नाही म्हटल्यावर मी तडक लखनौच्याच महानगर भागात कर्नलसाहेबांकडे गेलो.

कर्नलसाहेब म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे ज्येष्ठ. साताऱ्याचे. निवृत्तीनंतर तिथल्याच कपूरथला बाजारामागं घर घेऊन राहिले. तरुणपणी ते स्वतः शांतिसेनेची निळी टोपी घालून एका मोहिमेवर जाऊन आलेले. मला ते 'बँकवाले' म्हणतात. माझी तक्रार ऐकून ते खूश झाले. "अहो बँकवाले, गरज पडली आणि माणसांनी ती काढली. कागद मागून आले. पण तीन तत्त्वं पाठ करा, बाकी सोडा." आणि त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. ज्या देशात जायचं त्याची संमती हवी. तिथल्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही. आणि बंदूक चालवायची ती फक्त स्वतःला वाचवायला, किंवा परिषदेनं सोपवलेलं काम कुणी बळानं अडवलं तर. "तिन्ही तत्त्वं उत्तम आहेत," ते म्हणाले. "तिथं उभं राहिलं की कळतं की तिन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. पण तुमची मुलगी डॉक्टर आहे. तिला काळजी नाही."

काळजी नाही हे ऐकायलाच मी गेलो होतो बहुतेक. परत येताना सिंघाडे घेतले.

मुलगी गेली. पहिले काही आठवडे फोनवर ती थकलेली असायची आणि आम्ही काय विचारावं ते आम्हाला सुचायचं नाही. जेवण कसं आहे, उकाडा आहे का, डास आहेत का. मग हळूहळू तिच्या बोलण्यात एक दुसरी बाई येऊ लागली. ती त्यांची दुभाषी. तिथलीच, इस्पितळ होतं त्याच गावातली, मुलीहून दोन-तीन वर्षांनी मोठी. गावची भाषा, फ्रेंच आणि इंग्रजी, तिन्ही चांगल्या. इस्पितळ शांतिसेनेचं असलं तरी गावातल्या बायका पोरं घेऊन दाराशी यायच्याच, आणि त्यांना कुठं दुखतंय ते माझ्या मुलीला सांगायचं काम हिचं. मुलगी म्हणायची, "बाबा, उसके बिना मैं अंधी हूँ वहाँ." बायका मुलीला जे सांगायच्या त्याहून जास्त हिला सांगायच्या. कुणाला नवऱ्यानं मारलंय, कुणाला बंदूकवाल्यांनी काय केलंय. ती ते सगळं ऐकून घ्यायची आणि त्यातलं डॉक्टरला लागेल तेवढं सांगायची.

एकदा ती फोनवर दिसली. बारीक, उंच, डोक्याला पिवळा रुमाल, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. मुलीनं तिला एक वाक्य शिकवलं होतं. तिनं ते म्हटलं, "बाबा, जेवलात का?" इतकं स्वच्छ की माझी बायको पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली. आमच्या स्वतःच्या मुलीनं हे वाक्य आम्हाला कधी म्हटलेलं नव्हतं, ती 'खाना खा लिया?' म्हणते. त्यानंतर दर रविवारी तिच्याच नंबरवरून फोन यायचा, दोघी शेजारी बसलेल्या. तिची आई तिच्यासोबत राहायची, गुडघ्यांनी अधू. बायको आणि दुभाषी, दोघी तिच्या आईच्या गुडघ्यांवर बोलायच्या, मध्ये मुलगी भाषांतर करायची, म्हणजे दुभाषीची दुभाषी. बायकोनं ओव्याच्या तेलाची कृती सांगितली. तिकडं ओवा मिळेना. मग इथून पाठवता येईल का याची आठवडाभर चर्चा चालली.

मी हे सगळं असं रंगवून सांगतोय कारण तेवढाच भाग सांगायला बरा आहे.

त्या देशातलं सरकार मध्येच बदललं. गणवेशातली माणसं आली. आल्या आल्या ती म्हणू लागली की ही शांतिसेना आमच्या काय कामाची, इतकी वर्षं इथं आहे, शांतता कुठाय? खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता. गावात मोर्चे निघायला लागले, शांतिसेनेच्या पांढऱ्या गाड्यांवर दगड पडायला लागले. मग त्या सरकारनं परिषदेपुढं उभं राहून साफ सांगितलं, आमची संमती आम्ही काढून घेतोय, तुम्ही निघा.

मला वाटलं, असं कसं निघतील? मी तिजोरीवाला माणूस. पाच चाव्या आहेत, एखादा देश तरी अडून बसेल. सनद वाचल्यापासून ज्या नकाराधिकाराला मी नावं ठेवली, तो कुणीतरी वापरावा म्हणून मी हात जोडून बसलो होतो. मतदानाचा दिवस आला. परिषद भरते तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. परिषदेचं कामकाज नेटवर सगळ्यांना बघता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायको समोर मटार सोलत बसली. गोल टेबल, त्याभोवती चांगले कपडे घातलेली माणसं. अध्यक्षांनी विचारलं, बाजूनं कोण? हात वर झाले. विरोधात कोण? कुणी नाही. पाचही चाव्या एकदम, गुळगुळीत फिरल्या. मोहीम संपली. ठरलेल्या मुदतीत सगळ्यांनी निघायचं. मग एकेकानं भाषण केलं आणि शांतिसेनेच्या त्यागाबद्दल आभार मानले.

"झालं?" बायकोनं विचारलं.

"झालं."

"म्हणजे पोर परत येणार?"

"येणार."

तिनं देवापुढं दिवा लावला. मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू? चांगला झाला. माझी मुलगी दगडधोंड्यांतून सुटून घरी येणार होती. तो आनंद त्या रात्रीपुरता टिकला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आवाज अगदी सपाट. म्हणाली, "बाबा, हम तो आ जाएँगे. तिचं काय?"

मला आधी कळलंच नाही. ती तर तिथलीच, तिचं घर तिथं, आई तिथं. मुलीनं समजावून सांगितलं. गावात आता याद्या फिरत होत्या. परदेशी फौजेबरोबर कुणी काम केलं, कुणी त्यांना गावातल्या खबरा दिल्या. दुभाषी तर रोज त्यांच्या गाडीतून ये-जा करणारी. ज्या बायकांनी तिला आपलं दुखणं सांगितलं होतं, त्यांच्या नवऱ्यांना आणि दिरांना आता प्रश्न पडला होता की बायकोनं हिला नेमकं काय सांगितलं असेल. इस्पितळ उठलं की ती उघड्यावर पडणार होती. मुलीनं वर विचारलं होतं. तिला आणि तिच्या आईला बरोबर नेता येईल का? वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. उत्तर आलं, सभ्य भाषेत आलं. ती त्या देशाची नागरिक आहे. तिला देशाबाहेर काढणं आपल्या कामात बसत नाही. कागदोपत्री तिची सेवा समाप्त होईल, हिशेब चुकता होईल, आणि आभार.

मला राग आला. तो नेमका कुणावर आला हे मला आजही धड सांगता येत नाही. मी पुन्हा सनद काढली. इतकी मोठी संघटना, तिचं न्यायालय आहे, सचिवालय आहे, निर्वासितांचं खातं आहे, माणसाच्या हक्कांचं खातं आहे. कुठलं तरी कलम असणारच. प्रत्येक खात्याला मी शोधून काढून मेल केले. बँकेत असताना तक्रार कशी लिहावी याचे धडे मी कनिष्ठांना द्यायचो, त्यामुळे मेल उत्तमच होते. काहींची उत्तरं आली. निर्वासितांचं खातं म्हणालं, ती अजून स्वतःच्या देशात आहे, सीमा ओलांडली की आमच्याकडे या. हक्कांच्या खात्यानं नोंद घेतली. कुणी खोटं बोललं नाही, कुणी उद्धटपणा केला नाही. प्रत्येकाचं दार उघडं होतं, आणि प्रत्येक दारातून पुढचं दार दाखवलं जात होतं. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलंय, त्यामुळे ही दारं मला चांगली ओळखीची होती.

पुन्हा कर्नलसाहेबांकडे गेलो. या वेळी ते खूश झाले नाहीत. मी म्हटलं, "सनद लोकांच्या नावानं सुरू होते. ही बाई लोकांतली नाही का?"

त्यांनी चहाचा कप बशीत फिरवला. मग म्हणाले, "अहो, आपण तिथं पाहुणे. घरमालकाच्या संमतीनं आलो. त्यानं जा म्हटलं की जायचं. जाताना त्याच्या घरातलं माणूस उचलून नाही आणता येत."

"घरमालक तिला मारणार असला तरी?"

"तरी," ते म्हणाले. "मी पण एकाला ठेवून आलोय. आमच्या स्वयंपाकाला मदत करायचा. तुम्ही विचारू नका."

मी विचारलं नाही. त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, असं ते कधी करत नाहीत.

मग मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर मी इतका उत्साहात आलो की बायकोलाही न सांगता मुलीला फोन लावला. आपल्यातल्या कुठल्याही बापाला नोकरी सुटणाऱ्या मुलीसाठी जे सुचेल तेच मला सुचलं होतं. अनुभवाचा दाखला. मी म्हटलं, "हे बघ, तिला तुमच्या कमांडिंग ऑफिसरच्या सहीचं एक चांगलं सर्टिफिकेट द्या. शांतिसेनेच्या लेटरहेडवर, गोल शिक्का मारून. इतकी वर्षं दुभाषी म्हणून काम केलं, प्रामाणिक, कष्टाळू, असं सगळं. लॅमिनेट करा. उद्या तिला शेजारच्या देशात जाता आलं, कुठल्या संस्थेत अर्ज करता आला, तर हातात कागद हवा. कागद असला की माणूस उभा राहतो."



"बाबा," ती म्हणाली, आणि या वेळी ती मराठीत बोलली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. "इथं आम्ही तिचे सगळे कागद जाळतोय. काल तिचं नेमणूकपत्र जाळलं. ओळखपत्राचे तुकडे केले. परवा तिच्या घरी जाऊन फोटो शोधले. तिच्याकडे आमचं नाव असलेला एक चिटोरा जरी सापडला ना, तरी नाक्यावर तिला गाडीतून उतरवतील. तुम्ही म्हणताय तो दाखला दिला तर तो तिचं... बाबा, मी नाही सांगू शकत."

मी फोन ठेवला आणि बाल्कनीत गेलो. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो होतो, सही घ्या, शिक्का घ्या, पावती जपून ठेवा, कागद कधी ना कधी उपयोगी पडतो. शेकडो लोकांना सांगितलं असेल. खाली भाजीवाला ओरडत होता, मेथी, पालक, शेपू. जगात एक अशी जागा होती जिथं चांगल्या कामाचा दाखला म्हणजे मरणाचा दाखला, आणि माझी मुलगी तिथं उभी राहून माझ्यापेक्षा शहाणी झाली होती. मला तिची कीव आली. तिच्या वयात तिला एवढं शहाणपण यायला नको होतं.

त्यानंतर जे करायचं ते उलटंच होतं. आम्हीही केलं. रविवारच्या फोनांचे जेवढे फोटो बायकोनं काढून ठेवले होते ते पुसले. मंडळाच्या ग्रुपवर तिनं एक टाकला होता, 'आमची आफ्रिकन लेक' असं लिहून, तो काढायला लावला. कुणी विचारलं तर देशाचं नाव सांगायचं नाही असं ठरलं. मदत म्हणून आपण काय करू शकतो, तर आपण तिला ओळखत नाही असं वागू शकतो. एवढंच आपल्या हातात होतं आणि ते आम्ही मन लावून केलं.

निघायच्या आदल्या दिवशी मुलगी तिला शेवटचं भेटली. ते बोलणं मुलीनं घरी आल्यावर एकदाच सांगितलं. दुभाषी आईला घेऊन दुसऱ्या गावी मावशीकडे जाणार होती, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. तिनं समोर बसून स्वतःच्या फोनमधून आमचा आणि मुलीचा भारतातला नंबर पुसला. म्हणाली, तुझा मला पाठ आहे, पण मी तो लावणार नाही. माझ्या नंबरवरून तुला कधी फोन आला, तर उचलू नकोस. तो मी केलेला नसेल. कुणीतरी ताडून बघत असेल की पलीकडून कोण बोलतं, कुठल्या भाषेत. तू 'हॅलो' म्हटलंस तरी माझं संपलं. मुलीनं वचन दिलं. त्या दोघींनी मिठीही मारली नाही म्हणे, कारण रस्त्यावर माणसं होती.

लखनौच्या अमौसी विमानतळावर आम्ही तिला घ्यायला गेलो, तेव्हा धुक्यामुळं विमान उशिरा आलं. ती बाहेर आली ती काळवंडलेली आणि हसरी. बायकोनं तिला इतकं घट्ट धरलं की मागच्या लोकांची ट्रॉली अडली. विमानतळापासून घरापर्यंत गाडीत ती झोपूनच होती. मी मागं वळून वळून तिच्याकडे बघत होतो. एक माणूस परत आलं होतं, पूर्ण, हातपाय जागेवर. त्याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत हे मला कळत नव्हतं, पण मानले.

मंडळानं तिचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि 'जागतिक शांततेत भारताचे योगदान' या विषयावर दोन शब्द. दोन शब्द तिनं मलाच बोलायला लावले, कारण संघटनेची सगळी रचना आता मला तोंडपाठ झालेली. मी फळ्यावर चौकोन काढले. वर सभा, तिच्या बाजूला परिषद, खाली सचिवालय, पलीकडे न्यायालय, सगळ्यांना जोडणाऱ्या रेषा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मुलीला विचारलं, "वहाँ रहकर क्या सीखा आपने?" ती म्हणाली, "पाणी उकळून प्यावं." सगळे हसले. कर्नलसाहेब हसले नाहीत, आणि मीही नाही.

नंतर काही महिने गेले. मुलीची बदली लखनौच्याच लष्करी इस्पितळात झाली, आमच्या नशिबानं. ती ड्यूटीवर जायची, यायची, मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायची. दुभाषीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. मी मात्र रोज सकाळी त्या देशाच्या बातम्या शोधायचो. छोट्याशा असायच्या. अमुक गावावर हल्ला, इतके मेले. नावं नसायची.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. भरली वांगी होती. मुलीचा फोन टेबलावर, ताटाशेजारी. तो वाजला. तिनं पाहिलं आणि तिचा घास तसाच हातात राहिला. मीही पाहिलं. नाव नव्हतं, नुसता नंबर. सुरुवातीचे आकडे त्या देशाचे. शेवटचे आकडे मला पाठ होते, कारण दर रविवारी तोच नंबर यायचा.

"उचल," मी म्हणालो.

तिनं मान हलवली.

"अगं, तिनं तुझा नंबर पुसला होता. तो फक्त तिच्या डोक्यात होता. तीच असणार."

"किंवा तिच्याकडून काढून घेतला असेल," ती म्हणाली. मराठीत. "बाबा, नको."

फोन वाजत होता. मी हात पुढं केला. खरंच केला. तिनं फोनवर तळवा ठेवला, दाबून, आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती मला विनवत होती की मी तिला आणखी एकदा सांगू नये, कारण सांगितलं असतं तर तिनं उचलला असता. मी हात मागं घेतला. दुभाषी वाचावी म्हणून ज्यांनी ज्यांनी काही केलं नव्हतं, त्या सगळ्यांसारखा मीही नियमाप्रमाणे वागलो. तळव्याखाली फोन थरथरत राहिला, मग थांबला.

"परत आला तर?" बायकोनं विचारलं.

"तरी नाही," मुलगी म्हणाली.

वांग्यावर तेल थिजलं तरी कुणी ताटावरून उठलं नाही. तो परत वाजला तर उचलायचा नाही हे ठरलं होतं, आणि तो परत वाजावा म्हणून आम्ही तिघंही वाट पाहत बसलो होतो.